वाहनांची कसोटी : प्रमाणपत्र, तारांकन आणि घाटरस्ता

महाड तालुक्यातील तळीये हे गाव वरंधा घाटाच्या परिसरात वसलेले आहे. भोरकडे जाणाऱ्या या घाटात, तसेच पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात, ब्रेक, क्लच व इंजिन यांची परीक्षा रोजच होत असते. वाहनाची दुसरी परीक्षा प्रयोगशाळेत होते. या दोन परीक्षांचा मेळ महाराष्ट्रात कितपत बसला, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

प्रथम शब्दांकडे पाहणे उचित ठरेल. लोकव्यवहारात वाहनाची नोंदणी आणि त्याच्या योग्यतेची मुदती तपासणी या दोहोंनाही 'पासिंग' म्हणतात. या शब्दात उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढाच भेद संभवतो. याउलट 'कसोटी' हा शब्द 'कषपट्टिका' या संस्कृत शब्दापासून आला. कसाच्या दगडावर सोने खरे की खोटे एवढेच कळत नाही, तर त्याचा कसही ठरतो. वाहन-परीक्षेचा आपल्याकडील इतिहास हा पासिंगकडून कसोटीकडे झालेल्या संथ वाटचालीचा इतिहास आहे.

१९६६ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. त्या वर्षी वाहन-उद्योग आणि भारत सरकार यांच्या सहकार्याने पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकसंस्था उभी राहिली. उत्पादकाची प्रयोगशाळा आणि ग्राहकाची संघटना एकाच वर्षी जन्मास आल्या. परंतु मोटारींच्या बाबतीत त्यांच्या वाटा एकत्र आल्या नाहीत. याचे कारण बाजारपेठेच्या स्थितीत शोधावे लागते. परवाना-पद्धतीच्या त्या काळात मोटारींचे प्रकार मोजके होते व खरेदीदाराला वर्षानुवर्षे थांबावे लागे. जेथे निवडीलाच वाव नाही, तेथे तुलनात्मक गुणांकनाचा उपयोग तो काय?

पुढे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेणे उत्पादकास बंधनकारक केले. पुण्याची संस्था व अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापना या अशा संस्थांपैकी होत. तथापि या तपासणीचे फलित प्रमाणपत्र हे होते, गुणांकन नव्हे.

तारांकन प्रथम बाहेरून आले. ग्लोबल एन.सी.ए.पी. या स्वतंत्र संस्थेने जानेवारी २०१४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या मोटारींच्या धडक-चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही नमुन्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी एकही तारा मिळाला नाही. यांतील कोणतीही मोटार बेकायदेशीर नव्हती. समोरील धडकेची चाचणी तेव्हा येथे सक्तीचीच नव्हती. 'पासिंग' आणि 'कस' यांतील अंतर येथे उघड झाले. २०१८ च्या डिसेंबरात टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळविले, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एन.सी.ए.पी. ही स्वदेशी योजना अमलात आली.

मात्र या योजनेच्या दोन मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. ती ऐच्छिक असून साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींपुरतीच आहे. घाट चढणारे ट्रक व बसगाड्या तिच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय धडकेतील सुरक्षितता म्हणजे टिकाऊपणा नव्हे. नवी गाडी धडकेत किती सावरते हे तारे सांगतात. आठ पावसाळे काढलेली गाडी उतारावर कशी वागेल, हे सांगत नाहीत.

टिकाऊपणाचे मोजमाप अन्यत्र वेगळ्या मार्गांनी होते. अमेरिकेत कन्झ्युमर रिपोर्ट्स मालकांकडून दुरुस्तीची माहिती गोळा करते. जर्मनीत मुदती तपासणीत आढळलेल्या दोषांची मॉडेलवार आकडेवारी प्रसिद्ध होते. अशा मोजमापाची सामग्री आपल्याकडे मुळीच नाही असे नव्हे. राज्य परिवहन उपक्रमांत दर दहा हजार किलोमीटरमागे किती गाड्या वाटेत बंद पडल्या, हे प्रमाण काढण्याचा प्रघात आहे. व्यापारी वाहनांची पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी योग्यता-तपासणीही होते. परंतु पहिली नोंद उपक्रमाच्या कार्यक्षमतेसाठी असते, आणि दुसरी एका वाहनाच्या प्रमाणपत्रात संपते. या नोंदी बनावट व मॉडेल यांनुसार वर्गीकृत होऊन लोकांपुढे येतील, तेव्हाच घाटातील परीक्षेला कसोटीचे रूप लाभेल. तोपर्यंत तळीयेच्या प्रवाशाला चालकाच्या अनुभवावरच भिस्त ठेवावी लागेल.