कुलाब्याची मूर्च्छित माशी आणि गॉल्जी पिंडातील वाहतूक

मुंबईच्या दक्षिण टोकास कुलाबा म्हणतात. बंदराच्या मुखापलीकडील अलिबागचा मुलूखही १९८१ साली रायगड हे नाव मिळेपर्यंत कुलाबा जिल्हाच होता. एका नावाच्या या दोन किनाऱ्यांमध्ये शास्त्रांची ये-जा जुनीच आहे. विजेच्या ट्रामगाड्यांमुळे चुंबकसूचीच्या नोंदी बिघडतील या भयाने कुलाब्याच्या चुंबकीय वेधांचे काम १९०४ साली अलिबागेस नेण्यात आले, हे सर्वश्रुत आहे. पेशीविज्ञानाच्या इतिहासातील एक प्रकरणही याच दोन किनाऱ्यांना स्पर्श करून जाते. मात्र क्रमिक ग्रंथांतून त्याचा पूर्वार्ध बहुधा गाळला जातो.

कामिल्लो गॉल्जी या इटालियन वैद्याने १८९८ साली घुबडाच्या मेंदूतील पेशी चांदीच्या क्षाराने रंगविल्या असता त्यांत एक काळसर जाळी दिसली. ही जाळी खरोखरच पेशीत असते की रंगद्रव्याने निर्माण केलेला तो आभास आहे, यावर पुढे अर्धशतक वाद चालला. १९५४ च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तो मिटविला. गॉल्जी पिंड म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या पटलमय पिशव्या होत. पेशीत तयार झालेली प्रथिने येथे येतात, त्यांस शर्करा जोडली जाते, आणि मग ती आपापल्या मुक्कामी रवाना होतात. हा प्रवास इवल्या पिटिकांतून होतो. आर्फ नावाचे लहानसे प्रथिन पटलावर बसून आवरण-प्रथिनांस बोलावून घेते. त्यांच्या जमावाने पटल वाकते व पिटिका सुटी होते. आणि आर्फशी संलग्न असलेल्या जीटीपीचे विघटन झाले की आवरण गळून पडते. तेव्हाच ती पिटिका पुढील पटलाशी एकरूप होऊ शकते.

या एकरूपतेचे रहस्य उकलण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील दोन प्रयोगशाळांस दिले जाते, आणि ते न्याय्यच आहे. रँडी शेकमन यांनी १९७९ पासून किण्वाच्या सदोष वाणांचा मागोवा घेतला. जेम्स रॉथमन यांनी पेशी फोडून तिचे गॉल्जी पिंड परीक्षानळीत कामास लावले आणि एका विशिष्ट रसायनाने ही वाहतूक बंद पडते हे पाहून, त्या रसायनास बळी पडणारे प्रथिन १९८८ साली वेगळे केले. तेच एन-एस-एफ. पुढच्याच वर्षी ते किण्वातील सेक-१८ चेच भावंड असल्याचे सिद्ध झाले.

परंतु या प्रथिनाचा एक दोष त्यापूर्वी बारा वर्षे शास्त्रीय वाङ्मयात नोंदला गेलेला होता. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दिकी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. भौतिकी व गणिताच्या त्या गढीत पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या चिलटांची पैदास व्हावी, याचे काहींना नवल वाटले असल्यास ते समजण्यासारखे आहे! १९७६ साली सिद्दिकी व कॅलिफोर्नियातील सीमूर बेंझर यांनी उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या फळमाशांच्या मज्जाव्यापारांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील एका वाणास ‘कोमॅटोस’, म्हणजे मूर्च्छित, असे नाव होते. तापमान चढले की ही माशी निपचित पडे, आणि ते उतरल्यावरही बराच वेळ तिला शुद्ध येत नसे.

ती तशी का पडते, हे १९९५ साली उमगले. बिघडलेल्या जनुकाचे वाचन झाले तेव्हा त्यातून निघाले एन-एस-एफ! गॉल्जी पिंडात जे प्रथिन मालाची ने-आण राखते, तेच मज्जातंतूच्या टोकाशी संदेशवाही पिटिकांचे चक्र चालू ठेवते. किंबहुना माशीने मूळ कल्पनेत एक दुरुस्तीही सुचविली. एन-एस-एफ हे पटले जोडणारे प्रथिन असावे, असा प्रारंभी समज होता. परंतु तापलेल्या मूर्च्छित माशीत एकमेकांत गुंतलेल्या स्नेअर प्रथिनांचे पुंजके साचलेले आढळले. म्हणजे या प्रथिनाचे काम गाठ मारण्याचे नसून, मारलेली गाठ सोडवून तिचे धागे पुन्हा वापरास मोकळे करण्याचे होय.

यावरून मुंबईने नोबेल पारितोषिक गमावले असे म्हणणे हा अभिमानाचा अतिरेक होईल. लक्षण म्हणजे कारण नव्हे. आणि १९७६ साली माशीच्या जनुकाचा माग काढून त्याचे प्रथिन ओळखण्याची साधने हाताशी नव्हती. तथापि हा इतिहास केवळ किण्व आणि परीक्षानळी यांपासून सुरू करणे हेही तितकेच एकांगी आहे. सिद्दिकी २६ जुलै २०१३ रोजी निवर्तले. शेकमन, रॉथमन व स्यूडॉफ यांचे पारितोषिक त्याच ऑक्टोबरात जाहीर झाले.

सिद्दिकींच्या संस्थेत हे सूत्र के. एस. कृष्णन (त्याच नावाचे सुप्रसिद्ध पदार्थवैज्ञानिक ते वेगळे) यांनी पुढे चालविले. ‘शिबिरे’ या जपानी नावाच्या दुसऱ्या लुळ्या माशीत पिटिका पटलापासून तोडून घेणारे डायनामिन हे प्रथिन सदोष असते. तिच्या साहाय्याने कृष्णन यांनी रामस्वामी व केली यांच्यासह १९९४ साली पिटिकांच्या पुनर्निर्मितीचे टप्पे उजेडात आणले, आणि २००१ साली शिबिरे व कोमॅटोस हे दोन्ही दोष एकत्र आणून त्यांचा परस्परसंबंध तपासला.

दुसऱ्या किनाऱ्याचा वाटा अलीकडचा आहे. परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ साली रायगड जिल्ह्यातील खारघरला, पनवेलच्या खाडीलगतच्या मुलखात, आली. तेथील सोराब दलाल यांच्या गटाचे काम पिटिकांचे नव्हे, पण प्रथिनांच्या वाहतुकीचेच आहे. १४-३-३ गॅमा हे प्रथिन प्लाकोग्लोबिन नामक दुसऱ्या प्रथिनास कायनेसिन या वाहक प्रथिनाच्या साह्याने पेशीच्या सीमेपर्यंत पोहोचविते, असे या गटाने २०१४ साली दाखविले. ही वाहतूक खुंटली की शेजारच्या पेशींना जखडणारे सांधे बांधले जात नाहीत. उंदराच्या वृषणात तसे घडविले असता पेशींची परस्परांवरील पकड सुटली आणि नर वंध्य झाले.