बोलणारं खेचर, वेद म्हणणारा रेडा आणि आपला पोळा

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. वाशिमात बसून हॉलिवूडच्या बोलणाऱ्या खेचराचा इतिहास कशाला? पण मुक्या जनावराच्या तोंडी शब्द घालायची गरज माणसाला का पडते, हा प्रश्न आपल्याही गावचा आहे. आधी खेचराकडे जाऊ, मग घरी येऊ.

डेव्हिड स्टर्न या अमेरिकन लेखकाची 'फ्रान्सिस' ही कादंबरी १९४६ साली आली. १९५० मध्ये युनिव्हर्सल कंपनीने तिच्यावर विनोदी चित्रपट काढला आणि १९५६ पर्यंत या मालिकेचे सात चित्रपट झाले. पहिल्या सहांचे दिग्दर्शक आर्थर लुबिन, नायक डोनाल्ड ओ'कॉनर आणि खेचराचा आवाज चिल विल्स यांचा. गंमत म्हणजे पडद्यावरचा हा फ्रान्सिस प्रत्यक्षात मादी होती, तिचं नाव मॉली! पुढे याच लुबिननी बोलणाऱ्या घोड्याची 'मिस्टर एड' ही मालिका १९६१ पासून दूरचित्रवाणीवर आणली.

कथा साधी आहे. दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेशाची आघाडी. पीटर स्टर्लिंग नावाचा नवखा लेफ्टनंट संकटात सापडतो आणि लष्कराचं एक खेचर त्याला वाचवतं. खेचर बोलतं, आणि वरिष्ठांपेक्षा शहाणपणाचं बोलतं. पीटर प्रामाणिकपणे सांगतो, "मला हे खेचराने सांगितलं." झालं! त्याची रवानगी मनोरुग्णांच्या वॉर्डात, टोपल्या विणायला. खेचर मात्र मनात येईल तेव्हाच तोंड उघडणार. म्हणजे हसू खेचराचं नाहीच. खरं सांगणाऱ्याला वेडा ठरवणाऱ्या साहेबी व्यवस्थेचं ते हसू आहे. जे बोलायची लेफ्टनंटची प्राज्ञा नाही, ते ओझ्याचं जनावर बोलून जातं.

आता खऱ्या ब्रह्मदेशात काय चाललं होतं ते पाहू. १९४४ मध्ये विंगेट यांच्या चिंडिट तुकड्या जपानी फौजांच्या पिछाडीला जंगलात उतरल्या. सामान वाहायला खेचरं होती. ती ओरडली तर शत्रूला ठावठिकाणा कळणार, म्हणून मोहिमेआधी शस्त्रक्रिया करून त्यांचा आवाजच काढून टाकला गेला. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी पडद्यावरच्या ब्रह्मदेशात खेचर बोलू लागलं आणि थिएटरं हसली! हा योगायोग असेल, पण आपण तो विसरू नये.

आपल्या मराठी पडद्यावर जनावर याच्याही आधी बोललं होतं. प्रभात कंपनीचा, दामले-फत्तेलाल यांचा 'संत ज्ञानेश्वर' १९४० चा. त्यात पैठणचा रेडा वेद म्हणतो. हा काही विनोदी चित्रपट नव्हे, लोक हात जोडून बघत. पण प्रसंगाची बांधणी ताडून पाहा. संन्याशाची पोरं म्हणून भावंडांना वाळीत टाकलेलं. सर्वांभूती एकच आत्मा म्हणता, मग या रेड्यात आणि तुमच्यात फरक नाही का, असं विद्वान हिणवतात. आणि मग बोलतो तो पाणी वाहणारा रेडा. फरक एवढाच, की फ्रान्सिसचं ऐकणारा वेडा ठरला आणि इथे भरल्या सभेला मान खाली घालावी लागली. परंपरेने या रेड्याची समाधीही जपली आहे, जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी.

आता घरी येऊ. आपल्याकडे पोळ्याला काय होतं? बैल सजतात, तोरणाखाली उभे राहतात आणि माणसं झडत्या म्हणतात. देवाचं नाव घेता घेता सावकार, पुढारी, सरकार, कापसाचा भाव, सगळ्यांचा हिशेब त्या दोन-चार ओळींत होतो. एरवी ज्यांच्यापुढे आपण गप्प असतो, त्यांना बैलाच्या सणाला, बैलाच्या साक्षीने सुनावता येतं. सगळे हसतात, कुणी रागावू शकत नाही.

ती मुभा एका दिवसाची. २००६ मध्ये विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्राने ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत आपला वाशिम होता. वर्षाचे उरलेले दिवस त्या घरांतली माणसं काय बोलत होती, ते कुणी ऐकलं?

म्हणून आपण एवढंच करू. येत्या पोळ्याला आपापल्या गावच्या झडत्या नीट ऐकू, लिहून ठेवू, कुणी म्हटल्या तेही लिहू. बैल दारी कमी होत चाललेत. ते गेल्यावर झडत्या कुणाच्या साक्षीने म्हणायच्या, हाही विचार करू.