नेव्हिल डिसोझा

नेव्हिल डिसोझा (जन्म : ३ नोव्हेंबर १९३२, आसगाव, बार्देश, गोवा, मृत्यू : १६ मार्च १९८०, मुंबई) हे भारताचे आघाडीचे फुटबॉलपटू होते. सेंटर फॉरवर्ड या जागेवर ते खेळत. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये अशी कामगिरी करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. अन्य कोणत्याही भारतीयाला ऑलिंपिकमध्ये ती साधलेली नाही. त्यांची क्लब-कारकीर्द मात्र मुंबईतील कंपन्यांच्या संघांतून झाली.

पार्श्वभूमी

गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. तेथून पोटापाण्यासाठी मुंबईत आलेले गोमंतकीय ख्रिस्ती लोक धोबीतलाव, गिरगावलगतचा चिराबाजार व माझगाव या भागांत वसले. गावागावांच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडी’, म्हणजे गावकऱ्यांची सामाईक निवासस्थाने, येथेच उभ्या राहिल्या. मुंबईच्या फुटबॉलला खेळाडू आणि प्रेक्षक या वस्त्यांनी मोठ्या प्रमाणावर पुरविले. परळ-लालबागच्या गिरणगावात कबड्डीचे वर्चस्व होते. तरी परळच्या झेवियर्स मैदानावर फुटबॉलचेही सामने होत. या खेळाचे मुख्य केंद्र होते दक्षिण मुंबईतील कूपरेज. पिंपे तयार करणाऱ्यांच्या जुन्या कारखान्यांवरून या जागेला हे नाव पडले. १८९१ साली सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा पुढे याच मैदानाशी कायमची जोडली गेली.

नेव्हिल यांचे बंधू डेरेक डिसोझा हेही नावाजलेले फुटबॉलपटू होते.

कंपन्यांचे संघ

डिसोझा यांच्या काळात मुंबईत ‘व्यावसायिक फुटबॉलपटू’ हा शब्द कागदोपत्री अस्तित्वात नव्हता. ऑलिंपिकमध्ये केवळ हौशी खेळाडूंना प्रवेश असे आणि खेळण्यासाठी उघडपणे पैसे घेणे नियमबाह्य होते. यावर शहराने काढलेला मार्ग म्हणजे नोकरी. कंपनी खेळाडूला कचेरीत जागा देई, सरावासाठी लवकर सोडी, स्पर्धेसाठी रजा मंजूर करी. आणि खेळाडू स्थानिक हारवूड लीगमध्ये कंपनीच्या नावाने उतरे. आज ज्याला क्लब बदलणे म्हणतात ते त्या वेळी नोकरी बदलणे होते. पगार नियमित मिळे, हा त्यातील लाभ. परंतु खेळाडूची ओळख कंपनीच्या नावाला बांधलेली राही. कलकत्त्यात मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्यामागे लाखो चाहते उभे असत. कंपनीच्या संघाला असा पिढीजात चाहता लाभणे कठीण होते. डिसोझा यांचे नाव बंगाल व हैदराबादच्या समकालीनांच्या मानाने मागे पडले, याचे एक महत्त्वाचे कारण येथे शोधावे लागते.

डिसोझा टाटा स्पोर्ट्‌स क्लब, कॅल्टेक्स आणि महिंद्र अँड महिंद्र या संघांकडून खेळले. त्यांपैकी कॅल्टेक्स ही तेल कंपनी. या कंपनीच्या संघाने १९५८ साली रोव्हर्स चषक जिंकला, आणि त्या विजयात डिसोझा यांचा वाटा मोठा होता. त्याआधीची सलग पाच वर्षे (१९५० ते १९५४) हा चषक हैदराबाद सिटी पोलीस संघाने आपल्याकडे राखला होता, हे लक्षात घेतल्यास मुंबईच्या एका कंपनीच्या संघाने मिळविलेल्या या यशाचे मोल कळते.

मेलबर्न ऑलिंपिक, १९५६

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बहुतांशी अनवाणी खेळलेल्या भारतीय संघाचा युगोस्लाव्हियाने १०–१ असा पराभव केला होता. चार वर्षांनी सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली आणि समर (बद्रू) बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखाली गेलेला संघ बूट घालून खेळला. हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली.

१ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत भारताने ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरविले. डिसोझा यांनी ९ व्या, ३३ व्या व ५० व्या मिनिटाला गोल केले. ऑस्ट्रेलियाने मध्यंतरापूर्वी दोनदा बरोबरी साधली होती. त्यामुळे तिसरा गोल निर्णायक ठरला. चौथा गोल कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू यांनी केला. या विजयामुळे ऑलिंपिक फुटबॉलची उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश ठरला.

उपांत्य फेरीत प्रतिस्पर्धी पुन्हा युगोस्लाव्हियाच होता. ४ डिसेंबरच्या या सामन्यात मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. ५२ व्या मिनिटाला डिसोझा यांनी भारताला आघाडी मिळवून दिली. ती अवघी दोन मिनिटे टिकली. अखेर भारत १–४ असा हरला. ७ डिसेंबरला कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३–० अशी मात केली. त्या स्पर्धेतील भारताच्या पाच गोलांपैकी चार एकट्या डिसोझा यांचे होते. युगोस्लाव्हियाचे तोडोर व्हेसेलिनोविच आणि बल्गेरियाचे दिमितार मिलानोव्ह यांच्यासह ते स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणारे खेळाडू ठरले.

उत्तरकाल

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठीच्या संघात त्यांचा समावेश नव्हता. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस होते. आघाडीच्या फळीत प्रदीपकुमार बॅनर्जी, चुनी गोस्वामी व तुलसीदास बलराम ही त्रयी स्थिरावली होती. १९६१ साली सुरू झालेला अर्जुन पुरस्कार या तिघांना पहिल्या तीन वर्षांत ओळीने मिळाला. डिसोझा यांना तो कधीच मिळाला नाही. वयाच्या ४७ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

ज्या संघांकडून ते खेळले त्यांपैकी कॅल्टेक्सचा भारतातील व्यवसाय राष्ट्रीयीकरणानंतर हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाला. महिंद्रचा संघ पुढे ‘महिंद्र युनायटेड’ या नावाने राष्ट्रीय लीगचा विजेता झाला (२००५–०६) आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला.