ताताकिस, वासिलिओस

ताताकिस, वासिलिओस : (१८९६–१९८६). ग्रीक तत्त्वज्ञ व बायझंटिन तत्त्वज्ञानाचे इतिहासकार. मध्यकालीन ग्रीक विचार ही स्वतंत्र अभ्यासशाखा म्हणून उभी राहिली, त्याचे मोठे श्रेय त्यांना जाते.

जन्म एजियन समुद्रातील आंद्रोस बेटावर. पॅरिसमध्ये त्यांनी रोड्झच्या पॅनिशिअस या स्टोइक तत्त्वज्ञावर प्रबंध लिहिला. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ते थेसालोनिकी विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते.

त्यांचे नाव टिकले ते *ला फिलॉझोफी बिझांतीन* (१९४९) या फ्रेंच ग्रंथामुळे. एमिल ब्रेये यांच्या तत्त्वज्ञानेतिहासाला जोडलेली ही पुरवणी सहाव्या शतकापासून १४५३ मधील कॉन्स्टॅन्टिनोपलच्या पाडावापर्यंतचा पट मांडते. तोपर्यंत बायझंटिन पंडितांकडे प्राचीन हस्तलिखितांचे राखणदार म्हणूनच पाहिले जाई. ताताकिस यांनी त्यांना विचारवंत म्हणून वाचले. अकराव्या शतकातील मिखाएल सेलोस, ‘तत्त्वज्ञांचा प्रमुख’ ही राजदरबारी पदवी मिळालेला आणि प्लेटोचा उघड पुरस्कार करणारा. त्याचा शिष्य योआनिस इटालोस, ज्याची मते चर्चने १०८२ मध्ये धिक्कारली. आणि अखेरीस मिस्त्राचा प्लेथॉन, अशी परंपरा त्यांनी जोडून दाखवली.

गूढवादी व धर्मशास्त्री यांनाही त्यांनी तत्त्वज्ञानात सामावून घेतले. नंतरच्या अभ्यासकांना ही सरमिसळ खटकली, आणि हा आक्षेप रास्त आहे. तरीही मूळ संहिता बहुतांशी अप्रकाशित असताना एकट्याने घातलेला हा पाया भक्कम ठरला. ग्रंथाचे ग्रीक भाषांतर १९७७ मध्ये, तर इंग्रजी २००३ मध्ये प्रसिद्ध झाले.