ड्रॉइंग मेष्ट्रूंचा तास

बंगळुरूच्या मल्लेश्वरममधले परीक्षा मंडळ कर्नाटकातल्या शाळकरी मुलांसाठी चित्रकलेच्या दोन परीक्षा घेत आले आहे, लोअर ग्रेड आणि हायर ग्रेड. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या कोणालाही ही नावे ऐकताच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट आठवतील, आणि ते साम्य योगायोगाचे नाही. दोन्हीकडच्या परीक्षा एकाच वसाहतकालीन कल्पनेतून निघाल्या, आणि दोन्हीकडे त्या एकाच माणसाच्या खांद्यावर चालल्या. मराठीत तो ‘ड्रॉइंग मास्तर’, कानडीत ‘ड्रॉइंग मेष्ट्रु’. बंगळुरूच्या चित्रकलेचा इतिहास सांगताना मात्र हा माणूस सहसा गळतो. के. वेंकटप्पा येतात, के. के. हेब्बार येतात, कुमारकृपा रस्त्यावरची चित्रकला परिषत् येते. हायस्कुलात आठवड्याला तीसेक तास घेऊन संध्याकाळी खडूची पूड झटकत घरी जाणारा शिक्षक येत नाही. माझे म्हणणे असे आहे की या शहराचे, आणि त्याच्याशी जोडलेल्या साऱ्या उत्तर कर्नाटकाचे, चित्रकलेचे जग उभे राहिले ते बऱ्याच अंशी याच नोकरीच्या आधारावर. मास्तर थोर चित्रकार होते असा माझा दावा नाही. त्यांची नोकरी, त्यांची परीक्षा आणि कोणाचे लक्ष नसल्यामुळे त्यांच्या हाती राहिलेला मोकळा वेळ, या तीन गोष्टींनी जे केले ते एकट्या मोठ्या संस्थांना करता आले नसते.

ही नोकरी निर्माण झाली ती कलेसाठी नव्हे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर इंग्लंडमध्ये काळजी सुरू झाली की आपल्या कारखान्यांचा माल मजबूत असला तरी देखणा नाही. हेन्री कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काढलेला उपाय म्हणजे साउथ केन्सिंग्टनची शिक्षणपद्धती. तिच्या २३ पायऱ्या होत्या. सरळ रेषा आणि भूमितीपासून सुरुवात, मग उठावाच्या नक्षीवरून रेखाटन, मग छायाप्रकाश, आणि पुष्कळ उशिरा माणसाचे शरीर. हीच पद्धत थोड्याफार फेरफाराने मद्रास, कलकत्ता आणि मुंबई इथल्या कलाशाळांत आली. जमशेटजी जीजीभॉय यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली, १८७९ मध्ये तिथे रेखाकलेचे अध्यापन हा विषय आला, आणि १८९३ मध्ये रेखाकला शिक्षक तयार करण्याचा अभ्यासक्रम. म्हैसूर संस्थानाची वाट वेगळी असली तरी विचार तोच होता. म्हैसूरला चित्रकला शिकवणाऱ्या संस्थेचे नावच चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूट असे होते, आणि तिथे चित्रकला लाकूडकाम-कोरीवकामाच्या शेजारी बसत असे. सुताराला, गवंड्याला, सोनाराला आराखडा वाचता यावा, काढता यावा, एवढीच सरकारची अपेक्षा होती.

या अपेक्षेचे ठसे परीक्षेच्या विषयांत आजही दिसतात. कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन हे कारखान्याचे आणि पाटी रंगवणाऱ्याचे विषय आहेत. संकल्पचित्र म्हणजे कापडाची किंवा फरशीची नक्षी. पण याच यादीत स्मरणचित्र आहे आणि वस्तुचित्रही आहे, आणि तिथे मास्तरच्या हाती काहीतरी राहते. वस्तुचित्रासाठी स्टुलावर काय मांडायचे हे ठरवताना परीक्षेच्या चौकटीतही निवडीला जागा असते. पितळी तांब्या की चिनी मातीची बरणी, शेजारी दोन वांगी की एक कांदा, मागे फडका ठेवायचा की नाही. वस्तू बहुधा त्याच्याच घरातून येतात. स्मरणचित्रात तर मुलाला बाजार, बसथांबा, पावसातली शाळा, जत्रा असे विषय येतात, आणि त्यासाठी आधी वर्षभर मुलांना पाहायला शिकवावे लागते. छापील तक्त्यावरून पानाची नक्कल करणे वेगळे, आणि रस्त्यावरचा माणूस छत्री कशी धरतो हे डोक्यात साठवणे वेगळे. कारागीर घडवण्याच्या यंत्रात ही एक फट राहून गेली, आणि चांगल्या शिक्षकांनी ती फट रुंद केली.

वेळापत्रकानेही, नकळत, मास्तरला मदत केली. चित्रकलेचे गुण शालान्त परीक्षेच्या निकालात मोजले जात नसत (आज महाराष्ट्रात इंटरमिजिएटच्या श्रेणीचे थोडे वाढीव गुण दहावीत मिळतात, पण ती पुढची गोष्ट). मुख्याध्यापकांना या तासाची काळजी नव्हती आणि पालकांना तर नव्हतीच. गणिताच्या शिक्षकाला पोर्शन पुरा करायचा असला की तास मागून घेतला जाई तो चित्रकलेचा. या अवहेलनेची दुसरी बाजू अशी की ज्या तासाकडे कोणाचे लक्ष नाही, त्यात काय शिकवायचे हे शिक्षक ठरवू शकतो. फळ्यावर रंगीत खडूंनी काढलेले सणाचे चित्र, सुविचाराची वळणदार अक्षरे, स्नेहसंमेलनाचा पडदा, विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते, शाळेच्या हस्तलिखिताचे मुखपृष्ठ ही सारी कामे अभ्यासक्रमाबाहेरची, वरकड म्हणून त्याच्या गळ्यात पडलेली. पण शाळेतल्या शेकडो मुलांनी रोज येता-जाता पाहिलेले पहिले मूळ चित्र बहुतेक वेळा हेच असे. दक्षिणेतल्या गावांत, आणि बंगळुरूच्या पेठांतही, चित्र म्हणजे देवाची तसबीर किंवा दिनदर्शिका होती. माणूस हाताने काढतो आहे आणि ते आपल्यादेखत तयार होते आहे, हा अनुभव शाळेच्या फळ्याने दिला. शिक्षकाचा आनंदही याच कामात होता, आणि दुसऱ्या दिवशी पुसले जाणारे चित्र मन लावून काढण्याचा आनंद लहान असला तरी क्षुल्लक नाही.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. ई. बी. हॅवेल यांनी कलकत्त्यात, आणि आनंद कुमारस्वामी यांनी आपल्या लेखनातून, नेमके हेच म्हटले की साउथ केन्सिंग्टनच्या पद्धतीने भारतीय हाताची सवय मोडली आणि त्या जागी निर्जीव अनुकरण आणून बसवले. म्हैसूरच्या वेंकटप्पांनी अवनींद्रनाथ ठाकुरांकडे कलकत्त्याला जाऊन शिकावे, यातच या असमाधानाचा पुरावा आहे. शांतिनिकेतनचे कलाभवन १९१९ चे, आणि त्याच वर्षी बंगळुरूत ए. एन. सुब्बराव यांनी कलामंदिर सुरू केले. एकाच वेळी दोन ठिकाणी लोकांना सरकारी पद्धत अपुरी वाटत होती. हा आक्षेप पद्धतीपुरता मला मान्य आहे. तिच्यात म्हैसूरच्या पारंपरिक चित्रकारांचे ज्ञान, सोन्याच्या वर्खाचे काम, खनिज आणि वनस्पतींपासून केलेले रंग यांना जागा नव्हती, आणि ते नुकसान खरे आहे. पण पद्धत आणि तिचा वाहक एकच धरणे ही चूक आहे. वेंकटप्पांना राजाश्रय होता. तो किती जणांना मिळणार? दरबार नसलेल्या गावातल्या मुलापर्यंत पेन्सिल पोहोचवणारी दुसरी कोणतीही यंत्रणा त्या काळात नव्हती. हॅवेल यांची टीका एका अभ्यासक्रमाविरुद्ध होती. त्याच अभ्यासक्रमाने गावोगावी नेमलेल्या माणसाबद्दल तिला फारसे काही सांगायचे नाही.

असा शिक्षक काय करू शकतो ते व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या गोष्टीत दिसते. ती मराठी वाचकाला आपली वाटते, कारण त्यांचे बहुतेक कर्तृत्व मुंबईत घडले आणि शेवट पुण्यात झाला. पण तिची सुरुवात म्हैसूरच्या शाळेत आहे. वर्गात पिंपळाचे पान काढायला सांगितले होते. लक्ष्मण यांचे पान पाहून शिक्षकांनी कौतुक केले आणि त्या मुलाला आपण चित्रकार होऊ शकतो असे वाटू लागले. पुढे त्यांनी जे. जे.कडे अर्ज केला तेव्हा, आमच्या संस्थेत प्रवेश मिळण्याजोगी प्रतिभा तुमच्या चित्रांत नाही, असे उत्तर आले. ते शिक्षक चित्रकलेचेच होते असे मी म्हणत नाही, आणि एका माणसाच्या उदाहरणावरून नियम बांधता येत नाही हेही खरे. पण कोण काय करू शकते याचा फरक इथे स्वच्छ दिसतो. संस्था निवडते, निवडायची तर नाकारावेच लागते. शाळेतला शिक्षक निवडत नाही. वर्गातली सगळी मुले त्याच्यापुढे बसलेली असतात, आणि पिंपळाचे पान सगळ्यांनीच काढायचे असते.

आता पैशाचा हिशेब, जो कलेच्या इतिहासात फार कमी वेळा मांडला जातो. मुंबई इलाख्यात कर्नाटकातल्या तरुणांनी चित्रकला शिकायची म्हणजे खासगी वर्गांत जायचे. मुंबईत जी. एस. दंडवतीमठ यांचे नूतन कलामंदिर होते, हेब्बार जे. जे.मध्ये जाण्याआधी तिथे शिकले. धारवाडला डी. व्ही. हालभावी यांनी शाळा काढली, बेळगावला के. बी. कुलकर्णी यांनी चित्रमंदिर चालवले. या शाळांत येणाऱ्या मुलांपैकी कितींना चित्रकार व्हायचे असेल? बहुतेकांना सरकारी परीक्षा द्यायच्या होत्या, रेखाकला शिक्षकाचे प्रमाणपत्र मिळवायचे होते आणि हायस्कुलात नोकरी धरायची होती. माझा निष्कर्ष असा की या शाळांचे भाडे आणि दिव्याचे तेल ज्यातून निघे ती फी मुख्यतः होऊ घातलेल्या मास्तरांची होती, आणि त्यांच्या शेजारी बसून थोडे अस्सल चित्रकारही तयार झाले. बेळगावात जन्मलेले रवी परांजपे चित्रमंदिरात शिकले आणि पुढे मराठी घराघरांत पोहोचले. परीक्षा नसती तर प्रमाणपत्र नसते, प्रमाणपत्र नसते तर नोकरी नसती, आणि नोकरीची आशा नसती तर बेळगावसारख्या गावात चित्रकलेची शाळा चालली नसती.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवारचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. भाषेच्या वादात या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि मराठी माणसाची त्यातली वेदना खरी आहे. इथे मला त्याची एक दुर्लक्षित बाजू दिसते. मुंबईच्या परीक्षापद्धतीत मुरलेला हा सारा शिक्षकवर्ग, त्याच्या सवयी आणि त्याच्या खासगी शाळांची परंपरा आता बंगळुरूच्या शिक्षणखात्याच्या हद्दीत आली. उत्तरेकडची मुले मुंबईऐवजी बंगळुरूकडे पाहू लागली. १९३६ साली बदामीत जन्मलेले आर. एम. हडपद त्याच उत्तर कर्नाटकातले. त्यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंगळुरूत केन स्कूल ऑफ आर्ट सुरू केले, आणि ती शाळाही हालभावी-कुलकर्णींच्या शाळांसारखी एका माणसाच्या जिद्दीवर चालणारी खासगी शाळा होती. शीला गौडा तिथे शिकल्या, मग बडोदा, शांतिनिकेतन आणि लंडनला गेल्या आणि आज त्यांच्या कलाकृती जगातल्या मोठ्या प्रदर्शनांत असतात. मुंबईच्या रेखाकला परीक्षेने पोसलेला शाळेचा जो नमुना होता, त्याचे एक फळ अशा रीतीने बंगळुरूत आले.

दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो: मग चित्रकला परिषतेचे काय? १९६० मध्ये तिची स्थापना झाली, एम. एस. नंजुंडराव यांनी ती वाढवली, आणि दर जानेवारीत भरणाऱ्या चित्रसंतेला, म्हणजे चित्रांच्या बाजाराला, कुमारकृपा रस्त्यावर चालायला जागा राहत नाही. शहराला चित्रे विकत घ्यायला शिकवले ते या संस्थेने, मास्तरांनी नव्हे. हे मी नाकारत नाही. पण चित्रसंतेतल्या गर्दीकडे नीट पाहिले तर ती संग्राहकांची गर्दी नाही. नोकरदार, विद्यार्थी, लेकरांना खांद्यावर घेतलेली कुटुंबे, हजार-दोन हजारांचे चित्र दहा वेळा पाहून मग घेणारी माणसे. या लोकांना चित्रासमोर थांबण्याची सवय कुठे लागली? दालनांत नाही, कारण त्यांतले बहुतेक दालनांत कधी गेलेले नसतात. त्यांच्यातल्या कित्येकांनी लहानपणी लोअर ग्रेडसाठी तांब्याची कड गोल काढण्याची धडपड केलेली असते, आणि कड गोल का येत नाही हे एकदा कळलेला माणूस पुढे चित्राकडे वेगळ्या नजरेने पाहतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो. दुर्लक्षातून मोकळीक मिळाली असे म्हणणे म्हणजे कमी पगाराचे आणि अपमानाचे कौतुक करणे नव्हे काय? तसे होऊ नये म्हणून एक भेद स्पष्ट करायला हवा. जुन्या ड्रॉइंग मास्तरला मान कमी होता, पण पद पूर्णवेळ होते. तो शाळेच्या हजेरीपटावर होता, संमेलनाच्या रात्री पडद्यामागे होता, सुटीच्या दिवशी मुलांना लालबागेत किंवा किल्ल्यावर निसर्गचित्राला नेणे त्याला जमत होते, आणि निवृत्तीपर्यंत तीच शाळा त्याची होती. मोकळीक या स्थैर्यावर उभी होती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, आणि तेही पटसंख्या १०० च्या वर असेल तरच, कलाशिक्षणाला जो माणूस दिला आहे तो अंशकालीन निदेशक आहे. याच्या चारच वर्षे आधी, २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासोबतच्या निबंधात कला हा विषय दहावीपर्यंत सक्तीचा करावा असे सुचवले होते, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांच्यात भिंत नको असे म्हटले. विषयाची प्रतिष्ठा कागदावर वाढत गेली आणि शिक्षकाचे दिवस मात्र तासांवर मोजले जाऊ लागले. ठरलेले तास घेऊन दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या निदेशकाला फळ्यावरचे चित्र पुरे करायला थांबता येत नाही, आणि शाळा सुटल्यावर मागे रेंगाळणाऱ्या एकदोन मुलांना तो भेटत नाही.