बार्शी–धाराशिव कर्करोग प्रतिबंध संशोधन

बार्शी (जि. सोलापूर) येथील नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालय व मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांनी १९८७ पासून खेड्यांतून चालविलेली कर्करोग नोंदणी, आणि तिच्या अनुभवावर शेजारच्या धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात १९९९ पासून झालेला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा प्रयोग. निरोगी दिसणाऱ्या स्त्रीची आयुष्यात एकदा तपासणी केली तर तिचा मृत्यू टळतो का, आणि टळत असेल तर कोणत्या तपासणीने, या प्रश्नाचे मोजून दिलेले उत्तर येथून मिळाले.

बार्शीची नोंदणी ही भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी होय. बार्शी, परांडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत घेतली गेली. त्याआधीच्या नोंदण्या मुंबईसारख्या शहरांत होत्या व त्यांचे काम रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चाले. रुग्ण दवाखान्यात येतो, निदान होते, केसपेपर तयार होतो, नोंदणीचा माणूस तो उतरवून घेतो. खेड्यात ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. अंगावरून पांढरे किंवा लाल जाते हे बाई घरातही सांगत नाही. सांगितले तरी पेरणी किंवा सुगी पुढे असते. आणि तालुक्याला नेले तरी तेथे निदानाची सोय असेलच असे नाही. अशा ठिकाणी रुग्णालयाची वही कोरी राहिली म्हणून गावात रोग नाही असे म्हणता येत नाही.

डॉ. बी. एम. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून क्रम उलटा केला. क्षेत्रकार्यकर्ते ठराविक फेरीने गावोगाव जात, लोकांना जमवून कर्करोगाच्या सुरुवातीच्या खुणा समजावून सांगत, संशयित लक्षणे असलेल्यांना बार्शीला येण्यास राजी करीत, आणि गावातील मृत्यूंचीही चौकशी करीत. नोंद करण्यासाठी सुरू केलेले हे हिंडणे स्वतःच एक उपचार ठरले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत येऊ लागले, असे या गटाने १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. त्या वेळी ना नवे यंत्र आले होते ना नवे औषध. गावात माणूस जात होता, एवढाच फरक होता. पुढच्या सगळ्या मोठ्या प्रयोगांच्या गर्दीत हा निष्कर्ष झाकला गेला, पण संशोधनाच्या दृष्टीने तो बार्शीचा सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत टिकाऊ शोध आहे.

नोंदणीने खेड्याचे वेगळे रोगचित्रही उभे केले. एकूण कर्करोगाचे प्रमाण मुंबईपेक्षा बरेच कमी आढळले. स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पहिला व स्तनाचा त्याच्या फार मागे होता; मुंबईत चित्र याच्या उलट दिशेने सरकत होते. पुरुषांत तोंडा-घशाच्या कर्करोगाबरोबर शिश्नाच्या कर्करोगाचे प्रमाण नजरेत भरण्याइतके होते. पाण्याची टंचाई, न्हाणीघराचा अभाव, लहान वयातील लग्न आणि बाळंतपणे, तंबाखू व मिसरी या सगळ्यांकडे कारण म्हणून बोट दाखविले गेले. त्यांतील तंबाखूचा तोंडाच्या कर्करोगाशी असलेला संबंध पक्का आहे. गर्भाशयमुखाच्या बाबतीत मात्र मूळ कारण मानवी पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही) हे आहे. हाराल्ड त्सुर हाउझेन यांना या शोधासाठी २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लग्नाचे वय, बाळंतपणे, अस्वच्छता या गोष्टी विषाणूचा शिरकाव व मुक्काम सोपा करतात, एकट्याने कर्करोग घडवीत नाहीत. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण त्याशिवाय रोगाचा दोष बाईच्या वागण्यावर टाकून मोकळे होण्याची जुनी सवय सुटत नाही.

धाराशिवचा प्रयोग. विषाणूची लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. मधल्या काळात गर्भाशयमुखावरील पेशींत बदल होतात व ते काढून टाकता येतात. या मधल्या काळावरच सगळ्या तपासण्यांची भिस्त आहे. पाश्चात्त्य देशांत पॅप तपासणीने (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे) मृत्यू घटले होते, परंतु तिला चांगली प्रयोगशाळा, तरबेज डोळे आणि वारंवार येणाऱ्या स्त्रिया लागतात. यांपैकी काहीच हाताशी नसताना काय करावे, हे पाहण्यासाठी ल्यों (फ्रान्स) येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. आर. शंकरनारायणन, टाटा स्मारक केंद्राचे डॉ. सुरेंद्र शास्त्री व बार्शीचा गट यांनी धाराशिव जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यांत होत्या. कोणत्या गटाला काय मिळणार हे यदृच्छेने ठरले: १३ गटांत एचपीव्ही तपासणी, १३ गटांत पॅप, १३ गटांत ॲसिटिक आम्लाची तपासणी, आणि उरलेल्या १३ गटांत नेहमीची आरोग्यसेवा व माहिती, तपासणी नाही.

ॲसिटिक आम्लाची तपासणी, जिला आरोग्य खात्यात सर्वजण ‘व्हीआयए’ म्हणतात, दिसायला अगदी साधी आहे. पातळ केलेल्या, म्हणजे स्वयंपाकातील व्हिनेगरइतक्याच तीव्रतेच्या आम्लात बुडविलेला कापसाचा बोळा गर्भाशयमुखावर ठेवायचा, एक मिनिट थांबायचे आणि दिव्याच्या प्रखर उजेडात पाहायचे. बदललेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. निकाल जागच्या जागी मिळतो, पण पाहणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून राहतो. सूज, जखम, जंतुसंसर्ग यांमुळेही पांढरेपणा येतो. एचपीव्ही तपासणीत लहान ब्रशाने नमुना घेऊन तो प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. या प्रयोगात ते नमुने बार्शीलाच तपासले गेले, हे मुद्दाम नोंदवायला हवे. तालुक्याच्या गावी जनुकीय तपासणी चालू शकते हे त्यातून आपोआप सिद्ध झाले.

बोलावलेल्या दर पाच स्त्रियांपैकी जवळजवळ चार आल्या. शहरी भारतातील कुठल्याही तपासणी मोहिमेला हेवा वाटावा असा हा आकडा आहे, आणि त्यामागे आधीच्या बारा वर्षांचे गावोगावचे हिंडणे आहे. सुमारे १० टक्के स्त्रियांत विषाणू आढळला. व्हीआयए सुमारे १४ टक्क्यांत, तर पॅप ७ टक्क्यांत सदोष निघाली. ज्यांना गरज होती त्यांना गोठवून किंवा विजेच्या तारेने तो भाग काढून टाकण्याचे उपचार देण्यात आले.

आठ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही गटात पुढच्या अवस्थेतील कर्करोग ३९ स्त्रियांत आढळला, तपासणी न झालेल्या गटात ८२ स्त्रियांत. या कर्करोगाने झालेले मृत्यू अनुक्रमे ३४ आणि ६४. म्हणजे एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. पॅप व व्हीआयए गटांत मात्र मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. याहून बोलका आकडा तपासणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांचा आहे. अशा स्त्रियांपैकी पुढे कर्करोग झालेल्यांचे प्रमाण एचपीव्ही गटात दरवर्षी लाखात ३.७, पॅप गटात १५.५ व व्हीआयए गटात १६ होते. ‘काही नाही, जा घरी’ हे शब्द कोणत्या तपासणीनंतर निर्धास्तपणे उच्चारता येतात, हे या तीन आकड्यांत आले.

मुंबईचा प्रयोग. टाटा स्मारक केंद्राने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांत दुसरा प्रयोग चालविला. येथे तपासणी करणाऱ्या डॉक्टर वा परिचारिका नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांना चार आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्हीआयए करून घेतली गेली. दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. २०१३ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. धाराशिवला जी तपासणी फिकी पडली ती मुंबईत उपयोगी पडली, यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. धाराशिवला एकच फेरी होती. मुंबईत चुकलेला डोळा दोन वर्षांनी पुन्हा पाहू शकत होता.

दोन्ही प्रयोगांवर एक गंभीर आक्षेप आला: तपासणीने जीव वाचतो हे अन्यत्र ठाऊक असताना हजारो स्त्रियांना वर्षानुवर्षे तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे न्याय्य आहे का? २०१० नंतरच्या दशकात भारतीय व अमेरिकी नियतकालिकांत यावर तीव्र वाद झाला. संशोधकांचे म्हणणे असे, की देशात संघटित तपासणी उपलब्ध नव्हती, तेव्हा ‘नेहमीची सेवा’ म्हणजे हीच. शिवाय तुलनेशिवाय शासन पैसा घालत नाही. हे उत्तर खरे आहे, पण पुरे नाही. ज्या गरिबीमुळे प्रयोग शक्य झाला तीच त्याचे समर्थन म्हणून पुढे येते तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांची बाजू सहज बाजूला सारता येत नाही. त्याच वेळी हेही खरे, की या आकड्यांविना जागतिक आरोग्य संघटनेला २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीची प्रथम पसंती म्हणून शिफारस करणे अवघड गेले असते.

लसीचा योगायोग. २००९ मध्ये देशातील निरनिराळ्या केंद्रांत, त्यांत बार्शीतही, १० ते १८ वयाच्या मुलींना एचपीव्ही लसीच्या दोन की तीन मात्रा पुरतात हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. एप्रिल २०१० मध्ये, आंध्र प्रदेश व गुजरातमधील एका वेगळ्या लसीकरण प्रकल्पावरून वादळ उठल्यावर, केंद्र शासनाने अशा सर्व अभ्यासांतील लसीकरण थांबविले. काही मुलींना दोन, तर ४,९४९ मुलींना एकच मात्रा मिळून काम अर्धवट राहिले. संशोधकांनी या मुलींचा माग सोडला नाही. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’मध्ये आलेल्या निष्कर्षात विषाणूच्या १६ व १८ या मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीविरुद्ध एका मात्रेचे संरक्षण ९५.४ टक्के दिसले, तीन मात्रांच्या तोडीस तोड. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकमात्रेचा पर्याय मान्य केला, तेव्हा आधारभूत पुराव्यांत हा बंद पडलेला भारतीय अभ्यासही होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही देशी लस त्यानंतर, जानेवारी २०२३ मध्ये, बाजारात आली.

शासकीय कार्यक्रम. केंद्र शासनाने २०१६ मध्ये ठरविलेल्या चौकटीत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए, शिवाय तोंड व स्तन यांची तपासणी आली. पाया मुंबईच्या प्रयोगाचा, अंतर मात्र दोनाऐवजी पाच वर्षांचे. गावात या कार्यक्रमाचे पहिले पाऊल म्हणजे आशाताईंचा (गावपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांचा) ‘सीबॅक’ फॉर्म. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचे वय, तंबाखू व दारू, कमरेचा घेर, आठवड्याची हालचाल, घरात कोणाला रक्तदाब-मधुमेह आहे का, हे विचारून गुण दिले जातात. चारांच्या वर गेले की तपासणीला प्राधान्य. पुढे लक्षणांचा रकाना येतो. मग चूल कशाची, लाकूड-गोवऱ्या की गॅस, आणि घराभोवती कचरा वा पिकाचे खोड जळते का, कामावर धूर असतो का, हे प्रश्न. प्रतिबंध, परिसर आणि सवयी या तिन्हींना एकाच कागदावर आणणारा हा फॉर्म कल्पक आहे. अडचण त्याच्या पुढच्या पायरीवर आहे: पडद्याआडची जागा, दिवा, व्हीआयए शिकलेली परिचारिका आणि सदोष निघाल्यास त्याच आठवड्यात उपचार, हे सगळे एका ठिकाणी जुळून यावे लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या केवळ १.९ टक्के निघाल्या.

बार्शीची नोंदणी अद्याप चालू असून राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या अहवालांत ‘बार्शी ग्रामीण’ आणि ‘उस्मानाबाद व बीड’ असे दोन स्वतंत्र विभाग दिलेले असतात.