घासाघीस करू नये

आमच्या लहानपणी वर्ध्याच्या बाजारात बऱ्याच दुकानांत दोन पाट्या शेजारी शेजारी असत. एक ‘एकच भाव’, आणि दुसरी ‘आज रोख, उद्या उधार’. दुसऱ्या पाटीवर कुणाचाच विश्वास नव्हता, त्यामुळे पहिलीवरही नव्हता. माझ्या आईच्या मते तर ‘एकच भाव’ हे वाक्य अर्धवट होतं. भाव एकच आहे हे कबूल, पण तो कोणता हे अजून ठरायचं आहे, अशी तिची समजूत. पाटीखाली उभं राहून ती तो ठरवी.

तिला हरवणारी पाटी वर्ध्यात एकच होती, खादी भांडाराची. तिथं तिनं एकदा सतरंजीचे दोन रुपये कमी करा म्हटलं. काउंटरमागचे वृद्ध गृहस्थ शांतपणे म्हणाले, “करतो बाई. पण कुणाचे कमी करू तेवढं सांगा. कातणारीचे, की विणणाऱ्याचे?” आई जन्मात पहिल्यांदा निरुत्तर झाली. गृहस्थ उगीच बोलत नव्हते. कातणाऱ्या बाईला पोटापुरती तरी मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह गांधीजींनी १९३५ साली धरला, चरखा संघानं मजुरी वाढवली आणि खादी महागली. भाव मजुरीपासून वर मोजत आणायचा, गिऱ्हाइकापासून खाली नाही, असा तो हिशेब. आईनं मुकाट्यानं सतरंजी घेतली. पुढच्या वर्षीपासून मात्र ती खादीच्या खरेदीला २ ऑक्टोबरपर्यंत थांबू लागली, कारण गांधीजयंतीला सूट असते. महात्म्याशी घासाघीस करता येत नाही, पण त्याच्या वाढदिवसाची वाट पाहता येते, हा शोध सर्वस्वी तिचा.

हा गुण आमच्या घरात सासूकडून थेट सुनेकडे गेला. वाटेत मी होतो, पण मला वळसा घालून गेला. भाजीवालीनं दहा म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप ‘बरं’ निघतं. म्हणून २०११ साली आमची १९९८ सालची मारुती ८०० विकायची वेळ आली, तेव्हा मला घाम फुटला. विकणं भाग होतं. मुलीच्या वसतिगृहाची आणि कॉलेजची मिळून पंचावन्न हजार रुपये फी पंधरा दिवसांत भरायची होती, आणि घरात विकण्याजोगं दुसरं काही माझ्या नावावर नव्हतं.

गाडी विकायला काढली की गावात ज्याला सायकल येत नाही तोही टायरला लाथ मारून जातो. आमच्याकडे आठवडाभर हा लत्ताप्रहार चालला. एकजण म्हणाला, “गाडी चांगली हाय जी, पण रंग पांढरा हाय.” तेरा वर्षं ती पांढरीच होती. दुसऱ्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि कुणी गेल्यासारखा चेहरा करून ते हळूच मिटलं. चाळीस हजारांच्या वर कुणी जाईना. आणखी दोन दिवस गेले असते तर मी गाडी देऊन वर पेट्रोलचे पैसे दिले असते.

अशा वेळी माझ्या भाच्यानं शुभवर्तमान आणलं. नागपूरला एक दुकान आहे, तिथं जुनी गाडी घेतात. घासाघीस नाही. गाडी तपासतात, एक आकडा लिहून देतात. पटला तर द्या, नाहीतर चहा पिऊन घरी या. मला वाटलं, हे दुकान माझ्यासाठीच निघालं आहे.

तसं पाहिलं तर ही कल्पना फार जुनी. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या दुकानदारांनी ती धर्म म्हणून पाळली. पाचाला द्यायची वस्तू आठाला सांगणं म्हणजे असत्य बोलणं, असं त्यांचं म्हणणं. लोक आधी हसले. मग लक्षात आलं की या दुकानात लहान पोराला पाठवलं तरी ते फसत नाही. पुढे १८५२ पासून पॅरिसला बूसिको या गृहस्थांनी ‘बाँ मार्शे’ दुकानात आणि मग फिलाडेल्फियात वॉनामेकर यांनी प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावली. धर्माचं तत्त्व धंद्याला फायद्याचं ठरल्यावर मग काय, जगभर पसरलं. मोटारींचा धंदा तेवढा शेवटपर्यंत अडून बसला. अमेरिकेत ‘सॅटर्न’ कंपनीनं १९९० साली नवी गाडी ठरल्या भावानं विकायला काढली, आणि १९९३ साली व्हर्जिनियातल्या रिचमंड गावी ‘कारमॅक्स’नं जुन्या गाड्यांना तोच नियम लावला. आपल्याकडे मारुती कंपनी २००१ साली जुन्या गाड्यांच्या धंद्यात उतरली, आणि तोवर वडाखाली चालणारा हा व्यवहार काचेच्या दालनात आला.

पण वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून घ्यायला व्हर्जिनियाला जायचं कारण नाही. आमच्याकडे हा प्रयोग कापसावर होऊन गेला आहे.

हिंगणघाटच्या कापसाचं नाव एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. आमच्या आजोबांना मात्र लिव्हरपूल ठाऊक नव्हतं. त्यांना दलालाचा रुमाल ठाऊक होता. बंडीत कापूस भरून ते बाजारात जात. दलाल त्यांचा हात आपल्या रुमालाखाली घेई आणि बोटं दाबून भाव सांगे. भोवती पन्नास माणसं उभी, पण काय ठरलं ते दोघांनाच माहीत. याला हत्ता पद्धत म्हणत. आजोबांच्या उजव्या करंगळीची दोन पेरं कडबा तोडताना गेलेली. त्यामुळे रुमालाखाली ती करंगळी पूर्ण धरायची की अर्धी, हा प्रश्न दरवर्षी निघे, आणि दलाल तो दरवर्षी आपल्या बाजूनं सोडवी. आजोबा म्हणत, “बोट माझं गेलं अन् फायदा त्याचा झाला.”

शेजारच्या वऱ्हाडात कारंज्याला १८८६ सालीच नियमांचा बाजार सुरू झाला होता आणि १८९७ साली तिथं त्यासाठी कायदाही झाला. यथावकाश आमच्याकडेही रुमाल गेला, उघडा लिलाव आला. आणि १९७२ साली महाराष्ट्र सरकारनं एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू केली. राज्यातला सगळा कापूस सरकार घेणार, ठरल्या भावानं घेणार. व्यापारी नाही, दलाल नाही, बोली नाही. माझे वडील माझ्याचसारखे, म्हणजे मी त्यांच्यासारखा. व्यापाऱ्यानं आकडा सांगितला की ते मान खाली घालून ‘बरं जी’ म्हणत. योजना आली त्या दिवशी त्यांनी घरी शिरा करायला लावला. बोलता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला आता एकच भाव!

दोन रात्री रांगेत बंडी उभी करून वडील केंद्रावर पोचले. तिथं ग्रेडर नावाचा इसम होता. त्यानं ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढला, बोटांत ओढून पाहिला आणि खालची प्रत लिहिली. भाव पक्काच होता, पण प्रत्येक प्रतीचा वेगळा. वडील म्हणाले, “साहेब, हा तं सुपर हाय.” साहेब म्हणाले, “भाऊ, भाव सरकारचा आहे. मी काही करू शकत नाही.” तेव्हा माझे वडील आयुष्यात एकदाच बोलले. “भाव सरकारचा हाय जी, पण बोट तं तुमचं हाय ना? ते बंडीच्या तळाशी घाला. वरचा दवानं भिजला हाय.” साहेबांनी तळातला कापूस काढला, उन्हात धरला, आणि काय वाटलं कोण जाणे, प्रत बदलली.

पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. चुकारे हप्त्याहप्त्यानं येऊ लागले. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस रात्री सीमा ओलांडू लागला. नव्या शतकाच्या आरंभी खाजगी व्यापारी परत आले. वडिलांनी मात्र योजनेला शेवटपर्यंत नावं ठेवली नाहीत. ते म्हणत, “आधी भाव बी त्याचा अन् प्रत बी त्याची. मंग भाव तरी कागदावर आला.”

हे सगळं मला नागपूरच्या त्या काचेच्या दालनात आठवायचं कारण नव्हतं. तिथं गारेगार हवा होती, कॉफी होती, आणि भिंतीवर सुंदर अक्षरांत ‘घासाघीस नाही’ अशा अर्थाची पाटी होती. सौ. सोबत आली होती, पण तोंड उघडायचं नाही या अटीवर. टाय बांधलेला एक मुलगा, आमच्या मुलीहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, कागद घेऊन गाडीभोवती फिरला. शंभराच्या वर मुद्दे होते. तो वाकून पाही आणि खूण करी. डाव्या दारावरचा ओरखडा, खूण. मागच्या सीटवरचा डाग, खूण. तो डाग मुलगी दहावीचा निकाल घेऊन येताना सांडलेल्या उसाच्या रसाचा होता. पण त्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

आत जाऊन त्यानं सगळं संगणकाला सांगितलं. संगणक म्हणाला, बावन्न हजार.

चाळीसवरून बावन्न! मी खिशातलं पेन काढलंसुद्धा. तीन हजार कुणाकडून उसने आणायचे याचा विचारही सुरू केला. तेवढ्यात सौ. अट मोडून म्हणाली, “बाळा, तो कागद दाखव बरं.”

“काकू, प्राइस फिक्स आहे. सिस्टिम देते. आमच्या हातात काही नसतं.”

“भावाचं मी कुठं काय म्हणते? कागद दाखव.”

इथं तिच्या माहेरचा इतिहास सांगायला हवा. माझे सासरे फियाटसाठी नाव नोंदवून बसलेल्या पिढीतले. त्या काळी मोटारीची किंमतही सरकार ठरवी. वाटपाचा हुकूम १९५९ सालचा, आणि किमतीवरून कंपन्यांचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन तिथं त्यावर निकाल लागला. नियंत्रण उठलं १९७५ मध्ये. तोवर गंमत अशी की नवी गाडी स्वस्त आणि जुनी महाग. कारण नवी मिळत नसे आणि जुनी मिळे. भाव पक्का, मग घासाघीस नंबरावर. सासऱ्यांच्या चष्म्याचा नंबर दोनदा बदलला तरी फियाटचा लागला नाही. तेव्हा ठरलेला भाव ऐकला की त्याच्या आजूबाजूला काय काय सैल आहे ते पाहावं, हे बाळकडू तिला घरूनच मिळालेलं.

तिनं चष्मा लावून कागद वाणसामानाच्या यादीसारखा वाचला. “पाचव्या टायरपुढे शून्य कसं? डिकी उघडलीस का?”

मुलगा गडबडला. डिकी उघडली. आमची स्टेपनी तेरा वर्षांत एकदाही जमिनीला टेकली नव्हती, कारण पंक्चर झालं की ती बदलायला मला येत नसे. ती बाहेर काढून तिनं भिंतीशी उभी केली. मग बॅटरीची पावती काढली, चार महिन्यांपूर्वीची. मग ओरखड्यावर पदराचं टोक घासलं. अर्धा ओरखडा निघाला. तो आमच्या कंपाउंडचा चुना होता. मुलानं नवीन खुणा केल्या आणि परत आत गेला. संगणक जरा वेळ घुटमळला आणि म्हणाला, पंचावन्न हजार पाचशे.

“प्राइस बदलली नाही हां काकू,” मुलगा घाईघाईनं म्हणाला. “कंडिशन बदलली.”

“माहीत आहे रे,” ती म्हणाली. “आमच्या मामंजींच्या कापसाचं असंच झालं होतं.”

मी सह्या केल्या. फी वेळेवर भरली गेली. वरच्या पाचशेत बसचं भाडं आणि बर्डीवरची कचोरी झाली. परतताना मी हिशेब करत होतो. चाळीसवाल्यांनी मला गप्प पाहूनच भाव पाडला होता. कागदाला माझा चेहरा दिसत नव्हता, हे काही थोडं नाही. मी एकटा असतो तरी बावन्न घेऊन आलो असतो, आणि माझ्यासारख्या माणसाला ते बारा हजार क्वेकरांनीच मिळवून दिले म्हणायचे. उरलेले साडेतीन मात्र पाटीनं दिले नाहीत. ते कागद मागणाऱ्याचे. आणि त्या आकड्याखाली कुणाची किती मजुरी आहे, हे सांगणारा खादी भांडारातला म्हातारा त्या दालनात नव्हता. काच सगळीकडे होती, पण तेवढंच दिसत नव्हतं.

महिन्यानं नागपूरला जाणं झालं तेव्हा बसमधून आमची गाडी दिसली. धुऊनपुसून दारातच उभी, काचेवर मोठा आकडा: अठ्ठ्याहत्तर हजार, एकच भाव. मी सौ.ला दाखवली. तिनं मान वळवून बस पुढे जाईपर्यंत पाहिलं.

“अठ्ठ्याहत्तर जास्त होतात,” ती म्हणाली. “बॅटरीची पावती माझ्याच पर्समध्ये राहिली आहे.”